निवड आणि शैली : वॉकर इव्हान्सची भुयारी रेल्वेतील छायाचित्रे

शैली हा शब्द आपल्याकडे साहित्यविचारात इतका रुळला आहे की, तो अन्य कलांना लावताना आपण त्याची फारशी तपासणी करीत नाही. कवीची शैली म्हणजे त्याची शब्दयोजना, चित्रकाराची शैली म्हणजे त्याच्या हाताचे वळण, असे स्थूलमानाने म्हणता येते. कारण या दोन्ही ठिकाणी कलाकृतीचा प्रत्येक कण कलावंताच्या हातून उतरलेला असतो. परंतु वाटेने जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचे, त्याच्या नकळत, क्षणार्धात टिपलेले छायाचित्र घेतले, तर त्यात कलावंताचे स्वतःचे असे काय उरते? माणूस त्याने घडविलेला नाही, प्रकाश त्याने योजिलेला नाही, आणि चित्र तर यंत्राने उमटविलेले आहे. असे असूनही या क्षेत्रातील थोर छायाचित्रकारांची चित्रे, खालचे नाव झाकून ठेवले तरी, जाणकारास ओळखू येतात. हे कसे घडते याचा एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स (१९०३–१९७५) याने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत घेतलेली चित्रे हे ते उदाहरण होय.

प्रथम संज्ञेविषयी. या प्रकारच्या छायाचित्रणाला इंग्रजीत ‘कँडिड’ हे विशेषण लावतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शुभ्र असा होता. पुढे इंग्रजीत त्याला मोकळा, निष्कपट हा अर्थ प्राप्त झाला. १९३० च्या सुमारास जर्मन छायाचित्रकार एरिख सालोमन याच्या चित्रांच्या निमित्ताने हे विशेषण छायाचित्रणाला चिकटले. सालोमन लहान कॅमेरा घेऊन न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या परिषदांत शिरे, आणि थोरामोठ्यांना त्यांच्या बेसावध क्षणी टिपे. येथे अर्थाचा एक चमत्कारिक व्यत्यास झालेला दिसतो. निष्कपट असतो तो चित्रातला माणूस. चित्र घेणारा मात्र कपटाचाच आश्रय करीत असतो. हा व्यत्यास केवळ शाब्दिक नाही, आणि पुढील विवेचनात तो पुन्हा आपल्यासमोर येणार आहे. तूर्त ‘बेसावध क्षणाचे छायाचित्रण’ असा शब्दप्रयोग मी करीत आहे.

इव्हान्सच्या आधी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हे कपट पॉल स्ट्रँड याने केले होते. १९१६ साली त्याने आपल्या कॅमेऱ्याच्या बाजूस एक खोटे भिंग बसविले. त्यामुळे कॅमेरा भलतीकडेच रोखलेला आहे असे लोकांस वाटे आणि खऱ्या भिंगासमोरचा माणूस निर्धास्त राही. त्या चित्रांतील सर्वाधिक प्रसिद्ध चित्र गळ्यात ‘अंध’ अशी पाटी अडकविलेल्या एका स्त्रीचे आहे. १९१७ साली ते ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकात छापले गेले. जिला काहीच दिसत नव्हते तिच्यापुरते ते खोटे भिंग अनावश्यकच होते, हे त्या चित्राकडे पाहताना सहज ध्यानात येते. इव्हान्सने हे चित्र न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात पाहिले आणि आपल्यावर त्याचा खोल परिणाम झाला, असे त्याने पुढे स्वतः सांगितले आहे. तत्पूर्वी तो लेखक होण्याच्या आकांक्षेने पॅरिसला राहून आला होता. फ्लोबेरच्या कादंबऱ्यांत लेखक स्वतः कोठेही डोकावत नाही, हा विशेष त्याने आपल्या छायाचित्रणाचा आदर्श मानला होता. स्वतःला पुसून टाकण्याची ही आकांक्षा आणि स्वतःची शैली, यांचा मेळ कसा बसावा, हाच आपल्यापुढील प्रश्न आहे.

भुयारी रेल्वेत इव्हान्सने ही आकांक्षा टोकाला नेली. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या काँटॅक्स कॅमेऱ्याचे चकचकीत भाग त्याने काळे रंगविले, कॅमेरा ओव्हरकोटाच्या आत छातीवर बांधला, भिंग दोन गुंड्यांच्या मधून बाहेर डोकावेल असे ठेवले, आणि कळ दाबण्याची तार अस्तनीतून हातापर्यंत आणली. समोरच्या बाकावरील उतारूंकडे पाहत तो बसून राही. डोळा कॅमेऱ्याला लावणे शक्य नव्हते, त्यामुळे चौकट नेमकी कोठे पडते हे त्यास दिसत नसे. दिव्याची योजना करणे शक्य नव्हते. समोरच्या माणसास ‘जरा असे बसा’ म्हणणे तर नव्हतेच नव्हते. त्या काळी प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या स्टुडिओतील व्यक्तिचित्रणाविरुद्ध हे आपले बंड होते, अशी त्याची भूमिका होती. छायाचित्रकाराच्या हाती सामान्यतः जी साधने असतात, त्यांपैकी बहुतेक सर्व त्याने आपण होऊन टाकून दिली. तरीही ती चित्रे इव्हान्सचीच आहेत. समोरून, सरळ, अलंकाराविना पाहण्याची जी पद्धत त्याच्या १९३८ च्या ‘अमेरिकन फोटोग्राफ्स’ या ग्रंथातील घरांच्या दर्शनी भागांत आणि दुकानांच्या पाट्यांत दिसते, तीच या उतारूंच्या चेहऱ्यांतही दिसते.

ही शैली साधनाने दिली असे म्हणावे, तर हेलेन लेव्हिट हिचे उदाहरण आड येते. या फेऱ्यांत ती कित्येकदा इव्हान्सच्या सोबतीला असे. पूर्व हार्लेममधील मुलांची चित्रे घेताना तिनेही कपटाचेच एक साधन वापरले. तिच्या कॅमेऱ्याला काटकोनात पाहता येईल असा दर्शक जोडलेला होता, त्यामुळे ती एकीकडे पाहत आहे असे दिसे आणि चित्र दुसरीकडचे निघे. शहर तेच, वर्षे तीच, युक्तीचे तत्त्वही तेच. तथापि लेव्हिटच्या चित्रांत सारे काही हालचालीत आहे. मुले धावत आहेत, मुखवटे चढवीत आहेत, रस्ता ही जणू त्यांची रंगभूमी झाली आहे. इव्हान्सचे उतारू मात्र स्थिर आहेत. वामनाने रीतीला काव्याचा आत्मा मानले आणि वैदर्भी, गौडी यांसारखी प्रदेशवाचक नावे स्वीकारली. त्यावर कुंतकाने आक्षेप घेतला की, काव्यमार्गाचे मूळ देशात नसून कवीच्या स्वभावात असते. न्यूयॉर्कच्या या दोन छायाचित्रकारांकडे पाहिले असता कुंतकाचा पक्ष ग्राह्य वाटतो. परंतु स्वभाव म्हटले की विचार तेथेच थांबण्याचा धोका असतो. स्वभाव कृतीत कोठे उतरतो, हे दाखविले पाहिजे.

यासाठी भाषाशास्त्रातील एका अनुभवाची मदत होईल. काही वर्षांपूर्वी मालवण भागात बोलीचे ध्वनिमुद्रण करीत असताना एका वृद्ध गृहस्थांनी यंत्रासमोर तासभर पुस्तकी मराठीत माहिती सांगितली. यंत्र बंद केल्यावर त्यांनी आत वळून नातीला हाक दिली : “चाय हाड गो!” मला हवी असलेली बोली त्या तीन शब्दांत होती आणि ते शब्द मुद्रित झाले नव्हते. हे शब्द चोरून टिपले असते तर ते मला लाभले असते. परंतु ज्यांच्या ओटीवर बसून चहा घ्यावयाचा, त्यांच्याशी ते वर्तन कितपत योग्य ठरले असते, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि अजूनही सुटलेला नाही. माणसे निरीक्षणाखाली नसताना कशी बोलतात हे जाणून घ्यावयाचे, आणि त्यासाठी निरीक्षण तर करावयाचे, या अडचणीला विल्यम लबॉव्ह याने ‘निरीक्षकाचा विरोधाभास’ म्हटले आहे. त्यातून वाट काढण्याचा त्याचा प्रयोग इव्हान्सच्याच शहरात झाला. १९६२ साली तीन निरनिराळ्या दर्जांच्या मोठ्या दुकानांत जाऊन तो विक्रेत्यांना अशा वस्तूंचा विभाग विचारी की, त्याचे उत्तर ‘चौथा मजला’ असेच यावे. ते इंग्रजी शब्द ऐकून घेऊन, विक्रेत्याच्या दृष्टीआड होऊन, त्यातील ‘र’ उच्चारला गेला की नाही याची तो टिपणी करी. अशा २६४ व्यक्तींच्या उच्चारांवर आधारलेले हे संशोधन १९६६ साली त्याच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. इव्हान्सची भुयारी रेल्वेतील चित्रेही ग्रंथरूपाने त्याच वर्षी आली.

या दोन उपक्रमांतील साम्य उघड आहे. त्यांतील भेद मात्र शैलीच्या प्रश्नावर अधिक प्रकाश टाकतो. लबॉव्हच्या लेखी २६४ पैकी प्रत्येक उत्तर सारख्या मोलाचे आहे. कानाला गोड वाटलेली पन्नास उत्तरे ठेवून उरलेली टाकून दिली असती, तर ते संशोधन राहिले नसते. इव्हान्सने याच्या अगदी उलट केले. त्याने घेतलेल्या सहाशेहून अधिक चित्रांपैकी ग्रंथात केवळ ८९ आहेत. शास्त्र सर्वांची मोजदाद करते. कला निवड करते. बेसावध क्षणाच्या छायाचित्रणात कळ दाबण्याच्या क्षणी कलावंताची इच्छाशक्ती जितकी दुबळी, तितकी ती नंतरच्या निवडीत प्रबळ झालेली असते. इव्हान्सने ज्यास साहाय्य केले त्या रॉबर्ट फ्रँकचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १९५५–५६ मध्ये अमेरिकाभर हिंडून त्याने सत्तावीस हजारांहून अधिक चित्रे घेतली आणि ‘द अमेरिकन्स’ या ग्रंथासाठी त्यांतून ८३ ठेवली. हा ग्रंथ १९५८ साली पॅरिसमध्ये आणि १९५९ साली अमेरिकेत निघाला. आज फ्रँकची शैली म्हणून जी ओळखली जाते, ती त्या ८३ चित्रांची शैली होय.

निवडीबरोबर जुळणीही येते. काव्यात निवडीच्या अक्षावरील समतुल्यतेचे तत्त्व जुळणीच्या अक्षावर उतरते, असा सिद्धान्त रोमान याकोबसन याने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला. इव्हान्सच्या ग्रंथात हे तत्त्व डोळ्यांना दिसते. निवडलेल्या चित्रांच्या कडा कापून त्याने चेहरे जवळ आणले. मग एकामागून एक असे ते मांडले की, एकाच चौकटीत निरनिराळी माणसे येऊन बसत आहेत असे वाटावे. मिटलेले ओठ, टोपीची कड, दूर कोठे तरी लागलेली नजर, यांची पुनरावृत्ती होते आणि प्रत्येक पुनरावृत्तीत नवा माणूस भेटतो. ग्रंथाच्या शेवटी डब्याच्या मधल्या वाटेने येणारा एक अंध अकॉर्डियनवादक आहे. स्ट्रँडच्या अंध स्त्रीने ज्या मार्गाचा आरंभ इव्हान्सला दाखविला, त्याची समाप्ती त्याने अशा रीतीने केली. हे चित्र १९३८ साली मिळाले तो योगायोग होता. ते शेवटी ठेवणे हा निर्णय होता.

यावर एक आक्षेप संभवतो. निवड हेच शैलीचे स्थान असेल, तर दुसऱ्याने केलेल्या निवडीत शैली कोणाची? गॅरी विनोग्रँड १९८४ साली मरण पावला तेव्हा फिल्मची सुमारे अडीच हजार रिळे त्याने धुतलीसुद्धा नव्हती. ती पुढे धुण्यात आली, आणि त्याच्या अखेरच्या काळातील कामाचा परिचय १९८८ च्या प्रदर्शनात जॉन सारकॉव्हस्की याने करून दिला. त्या कामाविषयीचे सारकॉव्हस्कीचे मत प्रतिकूल होते. नंतरच्या अभ्यासकांनी त्याच साठ्यातून वेगळी चित्रे काढून वेगळा विनोग्रँड दाखविला. हा आक्षेप माझ्या मते सिद्धान्तास बाधक नसून पोषकच आहे. विनोग्रँडची दृष्टी त्या रिळांत आहे यात शंका नाही. कोठे उभे राहावयाचे, किती जवळ जावयाचे, कोणते भिंग लावावयाचे, हे त्यानेच ठरविले होते, आणि हीदेखील एक पूर्वनिवडच असते. परंतु यांतील हे माझे आणि हे माझे नव्हे, असे त्याने म्हटले नाही. म्हणूनच तो वाद मिटत नाही. शैलीचे बीज पूर्वनिवडीत असते. तिला आकार येतो तो कलावंताने स्वतः केलेल्या त्यागाने.

आता आरंभी उल्लेखिलेल्या व्यत्यासाकडे वळू. कपटाने घेतलेल्या चित्रांचे काय करावयाचे, हाही निवडीचाच भाग आहे. इव्हान्सचा मित्र जेम्स एजी याने या ग्रंथाची प्रस्तावना १९४० सालीच लिहून ठेवली होती. ग्रंथ निघाला तेव्हा एजीला जाऊन अकरा वर्षे झाली होती. मधल्या काळात थोडी चित्रे नियतकालिकांत आली, पण ग्रंथ पंचवीस वर्षे थांबला. चित्रांतील माणसांवर आपण केलेले आक्रमण काळाच्या ओघात सौम्य व्हावे म्हणून ती मुद्दाम मागे ठेवली, असे त्याने सांगितले आहे. स्वतःस त्याने पश्चात्ताप झालेला हेर म्हटले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘मेनी आर कॉल्ड’ हे ग्रंथनाम मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील एका वचनातून आले आहे. त्या वचनाचा पूर्वार्ध बोलावण्याविषयी आहे आणि उत्तरार्ध निवडीविषयी. इव्हान्सने नावात फक्त पूर्वार्ध ठेवला. उत्तरार्ध ग्रंथात प्रत्यक्ष घडलेलाच आहे. तो सांगण्याची त्यास आवश्यकता वाटली नसावी.

या उदाहरणावरून एवढे म्हणावयास हरकत नाही की, या कलेत वैयक्तिक शैली शोधू पाहणाऱ्याने ती क्षणाच्या चपळाईत शोधू नये. आपण कोणती बंधने स्वीकारली, कोणती चित्रे टाकून दिली, आणि ठेवलेल्या चित्रांतील अनोळखी माणसांना आपण कोणते उत्तर देऊ शकतो, या तीन ठिकाणी ती सापडते. भाषेच्या अभ्यासकालाही हा निष्कर्ष परका नाही. ज्या गृहस्थांचे ते तीन शब्द मी मुद्रित केले नाहीत, त्यांच्याकडे मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो आणि त्यांची संमती विचारली. त्यांनी हसून तेच वाक्य यंत्रासमोर पुन्हा म्हटले. उच्चार तंतोतंत होता. हाक मात्र आता नातीला नव्हती, मला होती. ती नोंद मी संग्रहात ठेवली आहे आणि तिच्यापुढे ती कशी मिळाली हेही लिहिले आहे.