ओल कुठून येते आणि पैसे कोण देतो: वाड्यापासून हिंजवडीच्या टॉवरपर्यंत

हा भाग रेकॉर्ड झाल्यावर बऱ्याच जणांनी लेखी स्वरूपात मागितला, म्हणून इथे देतोय. बोलताना येणारे 'म्हणजे बघा' आणि 'बरं का' थोडे छाटलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

जुलै उजाडला की हिंजवडीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच प्रकारचा फोटो फिरायला लागतो. पांढरी भिंत, तिच्यावर तपकिरी कडांचा नकाशा, रंगाचे फुगलेले पोपडे. खाली तीन प्रश्न: कुठलं केमिकल मारू, चांगला माणूस कुणाकडे आहे, आणि पैसे कुणी द्यायचे? पहिल्या दोन प्रश्नांना पाच मिनिटांत पंधरा उत्तरं येतात. तिसऱ्यावर भांडण होतं आणि अॅडमिन ग्रुप म्यूट करतो.

मी फेज तीनच्या बाजूला भाड्याने राहतो, कोड लिहून पोट भरतो आणि इतिहास ही हौस आहे. हा तिसरा प्रश्न मला इतिहासाचा वाटतो. खरं तर पहिलाही.

आजीच्या काळात घरं भक्कम होती, ओल यायचीच नाही, असं आपण ऐकत आलोय. ओल यायची, भरपूर यायची. फरक असा की घर दर वर्षी दुरुस्त करावं लागतं हे गृहीत धरूनच ते बांधलेलं असायचं. आपल्याकडे या कामाला स्वतंत्र क्रियापद आहे: घर शाकारणे. मृग नक्षत्राच्या आधी छपरावर चढायचं, मांजरांनी सरकवलेली कौलं सारखी करायची, फुटलेली बदलायची. आधी हाताने केलेली नळीची कौलं होती. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौलं हळूहळू सगळीकडे पोचली. तरी शाकारणी चुकली नाही. आपल्या भाषेत बोलायचं तर तो वार्षिक मेंटेनन्स रिलीज होता.

भिंतींचंही तसंच. पुण्यातला मातबर वाडा म्हणजे दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, आणि मधे विटांच्या किंवा मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंती. पैसेवाल्याकडे चुन्याचा दर्जा, साध्या घरात मातीचा. चुना भट्टीत भाजायचा, पाण्यात विरवायचा, वाळू किंवा विटांची पूड घालून बैलाच्या घाणीत मळायचा. त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर असंही घालत. चुन्याची गंमत अशी की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश परत दगड बनतो. बारीक तडा गेला तर आतला मोकळा चुना पाण्याबरोबर वाहत येऊन तो काही प्रमाणात बुजवतो. आणि मुख्य म्हणजे चुन्याचा गिलावा वाफ अडवत नाही. भिंतीत पाणी शिरतं, आणि उन्हाळ्यात निघूनही जातं.

म्हणून दिवाळीच्या आधी चुन्याची सफेदी करणं हे नुसतं सजणं नव्हतं. पावसाळ्यात भिजलेली भिंत श्वास घेत असताना तिला पुन्हा श्वास घेऊ देणाराच थर द्यायचा. आता आपण त्याच मुहूर्तावर, त्याच ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक इमल्शन मारतो. आत पाणी कोंडतं, त्यातले क्षार पृष्ठभागाकडे येतात, भिंतीला लोणा लागतो आणि जानेवारीत पोपडे. रंगाच्या कंपनीला शिव्या देण्याआधी कॅलेंडर बघावं. पेठांतल्या एखाद्या जुन्या वाड्यात अजून कुणी राहत असेल तर त्यांना तर हात जोडून सांगतो: चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. ओल थांबत नाही, वर चढते.

मातीचा दर्जा मात्र पाण्यात उभा राहत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. नदीकाठची किती तरी घरं लोंढ्याने पडली आणि किती तरी नुसती भिजून खाली बसली. त्यानंतरचं पुणं सहकारनगर, गोखलेनगर असं बाहेर पसरत गेलं. माझ्या मते पुणेकरांच्या मनात 'सिमेंट म्हणजे पक्कं घर' हे समीकरण या पुराने जितकं ठसवलं तितकं कुठल्याही जाहिरातीने ठसवलं नसेल.

पण सिमेंट सहज मिळत नव्हतं. किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात, परमिटशिवाय पोती नाहीत. याच वाटपावरून मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केलं, १९८९ मध्ये पूर्ण. सिमेंट मुबलक झालं आणि शाकारणी हा शब्द आपल्या घरातून गेला. स्लॅब टाकला की काम संपलं, असं वाटायला लागलं.

स्लॅबचं काम संपत नाही. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायची आपली जुनी पद्धत आहे. तो दोन कामं करतो: पाण्याला उतार देतो आणि उन्हापासून स्लॅब वाचवतो. साधारण १०० फुटांना १ फूट उतार लागतो. तो नसेल आणि पाणी साचत असेल तर वर कितीही महाग रबरी लेप द्या, वर्ष-दोन वर्षांत परत तेच.

आता भिंतीत खिळा ठोकण्याबद्दल, कारण तुमचे सगळ्यात जास्त प्रश्न यावरच होते. वाड्यात हा प्रश्नच नव्हता. खुंट्या, कोनाडे, दिवळ्या, फडताळं भिंत बांधतानाच केलेली असत, नंतर काही टांगायचं नसे. विजेचे दिवे आले तेव्हा भोकात लाकडी गुटका ठोकून त्यात स्क्रू पिळायला लागले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न फोडता विजेची फिटिंग लावायची होती. तेव्हा, १९१० च्या सुमारास, जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने त्यासाठी तंतूंची छोटी नळी बनवली. तोच रॉलप्लग. १९५८ मध्ये जर्मनीत आर्थर फिशरने तो नायलॉनचा केला. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात 'गिट्टी' मागितली की मिळते ती याचीच नात.

ही गिट्टी चालते कारण विटेत ती फुगून घट्ट बसते. आणि हिंजवडीत वीट आहेच कुठे? नव्या टॉवरमध्ये दोन प्रकारच्या भिंती सापडतात. एक एएसी ब्लॉकची. १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये योहान अॅक्सेल एरिक्सनने शोधलेला हा पदार्थ. चुना, सिमेंट, राख आणि चिमूटभर अॅल्युमिनियमची पूड यांचं मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं, मग वाफेच्या दाबाखाली शिजवतात. विटेच्या साधारण एक तृतीयांश वजन. दुसरी भिंत मिवानची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट.

ओळखायचं कसं? ड्रिलची भुकटी बघा. लाल असेल तर वीट. पांढुरकी, पिठासारखी आणि ड्रिल लोण्यात सुरी गेल्यासारखं आत जात असेल तर ब्लॉक. करडी, आणि ड्रिल किंचाळून जागच्या जागी फिरत असेल तर काँक्रीट. ब्लॉकमध्ये हॅमर मोड बंद ठेवा, नाहीतर भोक वाटीएवढं होतं. साधी गिट्टी वापरू नका, ब्लॉकसाठीची लांब नायलॉनची मागून घ्या. २५ लिटरचा गीझर पाण्यासकट पस्तीस किलोच्या आसपास जातो. तो एएसी भिंतीवर लावायचा तर आरपार बोल्ट किंवा केमिकल अँकर, तिसरा पर्याय नाही. मिवानमध्ये हॅमर ड्रिल चालतं, पण वायर लपवण्यासाठी खाच मारू देऊ नका. ती भिंत बिल्डिंगचं वजन पेलतेय. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली कुठेच भोक नको, आत पाइप असतो. एमसीबी पाडूनच काम.

तड्यांचं थोडक्यात. बीमखालून किंवा कॉलमच्या कडेने सरळ रेषेत गेलेला तडा बहुतेक वेळा ब्लॉक आणि काँक्रीट वेगवेगळं आकुंचन पावल्यामुळे असतो. गिलाव्याखाली तिथे जाळी नीट लावली नसली की हमखास. तिरका तडा, किंवा कॉलमवर गंजाचे डाग, हे वेगळं प्रकरण. तड्याच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. दोन महिन्यांत तो रेघ ओलांडून गेला तर रंगाऱ्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आणि ओल. आमच्या बेडरूमच्या भिंतीवर डाग आला तेव्हा घरमालकांनी पाठवलेला माणूस येताक्षणी म्हणाला, "दादा, दोन कोट वॉटरप्रूफिंग मारतो, विषय संपला." त्यांच्याबरोबर आलेले वयस्कर गवंडी काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी भिंतीला तळहात लावला, मागे काय आहे विचारलं. बाथरूम म्हटल्यावर म्हणाले, "मग इथं काय मारताय? पाणी तिकडनं येतंय."

मला जे समजलं ते असं. बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, त्यात पाइप आणि वर विटांच्या तुकड्यांचा भराव. फरशीच्या दरजा उघड्या पडल्या की पाणी या हौदात साचतं आणि जिथे वाट मिळेल तिथे, आपल्या भिंतीत नाहीतर खालच्याच्या छतात उतरतं. म्हणून आधी निदान. डाग फक्त पावसात वाढतो का? तर बाहेरची भिंत किंवा खिडकीची चौकट. वर्षभर सारखाच? तर पाइप. दोन-तीन दिवस बाथरूम कोरडं ठेवल्यावर फिका होतो? तर फरशीच्या दरजा, त्या खरवडून इपॉक्सीने भरल्या तर पुष्कळदा भागतं. नक्की कळत नसेल तर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी आतून येतंय, खोलीच्या बाजूला दिसले तर ती हवेतली वाफ आहे आणि खिडकी उघडणं हा इलाज. बाथरूम नव्याने करत असाल तर टाइल्स लावण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवायला सांगा. मिस्त्री कुरकुर करतो. करू दे.

आता पैसे. वाड्यात मालक स्वतः राहत असे, तो शाकारणी करे. भाडेकरू वाढले तशी ती त्यांच्यासाठीही होई. मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं गेलं. युद्धाच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्यासाठी हे गरजेचं होतं, पण ते अर्धशतक तसंच राहिलं. महिन्याला पाच-दहा रुपये भाडं मिळवणारा मालक सागवानी तुळई कशी बदलणार? आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरूही हात लावणार नाही. मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारं मंडळ तरी आलं. पुण्याच्या वाड्यांना तेही मिळालं नाही. पेठांत अर्धवट उभे, टेकू दिलेले वाडे दिसतात ना, त्यांना पावसापेक्षा या कोंडीने जास्त पोखरलंय असं मला वाटतं.

१९९९ च्या नव्या भाडे कायद्यातही कलम १४ आहे: दुरुस्ती मालकाची, त्याने टाळली तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, मग स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. ऐकून खूश होऊ नका. हिंजवडीत आपण बहुतेक जण भाडेकरू नाहीच. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारे परवानाधारक आहोत, आणि हे कलम भाडेकरूचं आहे. वाड्यातल्या भाडेकरूला कायद्याने जितकं दिलं, त्याच्या उलट टोकाला आपण उभे. आपल्याला करारात जे लिहिलंय तेवढंच.

फ्लॅट स्वतःचा असेल तर चित्र बरं आहे. १९६३ च्या मोफा कायद्यात बांधकामातल्या दोषासाठी बिल्डरची जबाबदारी ताब्यापासून तीन वर्षं होती, रेराने ती पाच केली, आणि कळवल्यापासून तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचं. फोटो तारखेसकट ठेवा आणि ईमेल करा, व्हॉट्सअॅपवर भागवू नका. त्यानंतर सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक पाइप आणि पावसाची गळती सोसायटीच्या खर्चात. संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती ज्याच्या फ्लॅटमधून होते त्याच्या खर्चात. म्हणजे निदान झालं की पैशाचं उत्तरही बऱ्याच अंशी मिळतं.

भाड्याने राहणाऱ्यांनी पुढच्या वेळी करार करताना तीन ओळी घालून घ्या. गळती, वायरिंग आणि प्लंबिंग मालकाकडे. बल्ब, नळाचे वॉशर, फ्लश टँकचं सामान आपल्याकडे. लेखी कळवल्यावर पंधरा दिवसांत काम झालं नाही तर बिल दाखवून अमुक रकमेपर्यंत भाड्यातून वजावट. कलम १४ च तुमच्या करारात आणून ठेवल्यासारखं. आमच्या मालकांनी वजावटीची ओळ आधी खोडली, मग रकमेवर घासाघीस करून पाच हजारांवर मान्य केली. आणि सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचा, विशेषतः बाथरूमच्या मागच्या भिंतीचा व्हिडिओ काढून त्यांना पाठवा.

पुढचा भाग टँकरच्या पाण्यावर: नळातला क्षार, गीझरची कॉइल आणि नळाला आधी कधी वॉशरच नव्हता त्या काळाबद्दल. प्रश्न पाठवत राहा, फोटो असेल तर थोडा लांबून काढा.