वासराचा वाटा

आमच्या करजगीत गाय व्याली की पहिला प्रश्न असायचा, खोंड का कालवड? खोंड असला तर दोन सड त्याचे, उरलेल्या दोन सडांची धार घरात. कालवडीला त्याहून कमी. भीमेकाठची काळी, चिकट रानं नांगरायची तर बैल दुधावर वाढलेलाच हवा. कारहुणवीला, म्हणजे बैलांच्या सणाला, ज्याच्या दारात तशी जोडी सजायची, त्याच्या घरी सोयरीक करायला लोक आपणहून यायचे.

माझी आज्जी धारेला बसायच्या आधी वासरू सोडायची. ते ढुश्या देत, सड बदलत प्यायचं. तोंडाला फेस यायचा. कास भरून सड तुकतुकीत झाले की पान्हा उतरला म्हणायचं. मग ती वासराला ओढून गाईच्या पुढच्या पायाशी बांधायची. गाय त्याची पाठ चाटत उभी, आणि इकडं चरवी भरत यायची. वासरू दगावलं तर त्याच्याच कातड्यात भुसा भरून, वर मीठ चोळून गाईपुढं ठेवायचे. ती चाटायची आणि पान्हा सोडायची. लहानपणी मला ते बघवत नसे.

हा सगळा देवणी गाईचा मुलूख. वानेरा, बालंक्या, शेवरा हे तिचे तीन वाण. देवणी, उदगीर, निलंगा ही गावं १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होती. भाषावार प्रांतरचनेत ती मुंबई राज्यात गेली आणि बीदर-गुलबर्गा म्हैसूरकडे आले. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाची पारख मात्र तीच राहिली.

वासरू पीत असलेली गाय लवकर माजावर येत नाही, हे घरोघरी ठाऊक होतं. दरवर्षी वेत हवं तर व्याल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती गाभण राहायला हवी. देवणीच्या दोन वेतांत सव्वा वर्ष सहज जातं. सुधारणेच्या पुस्तकांनी हा दोष मानला. मला तो दोष वाटत नाही. बैल घडवायचा होता, त्यासाठी आमच्या लोकांनी वेत लांबू दिलं. तो हिशेब समजून केलेला होता.

या हिशेबामागचं शरीरशास्त्र काही अंशी सशांवर उलगडलं. सशाच्या मादीत बीज सुटतं ते नराशी संयोग झाल्यावर, साधारण दहा तासांनी. केंब्रिजच्या वॉल्टर हीप यांनी हे १९०५ मध्ये मांडलं. १९२८ मध्ये स्ट्रासबर्गला स्ट्रिकर आणि ग्र्यूटर यांनी सशाच्या माद्यांना पिट्युटरी ग्रंथीच्या पुढच्या भागाचा अर्क टोचला आणि त्यांना दूध आलं. त्या द्रव्याला पुढं प्रोलॅक्टिन हे नाव पडलं. सशाची आई दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते आणि व्याल्याच्या दुसऱ्या दिवशीही गाभण राहू शकते. तरी पिल्लं अंगावर असताना अनेक माद्या नराला जवळ येऊ देत नाहीत. म्हणून ससेपालनात काही जण हार्मोन टोचतात, तर काही पिल्लांना एखादा दिवस आईपासून दूर ठेवतात. मग ती नर घेते. गाईतही वासरू दोन दिवस तोडलं तर माज येण्यास मदत होते. नुसत्या धारेनं माज तितका दबत नाही. स्वतःचं वासरू समोर असणं, त्याचा वास, त्याचं पिणं याचा परिणाम मोठा असतो. आज्जी वासरासाठी राखायची त्या दोन सडांत एवढं सगळं होतं.

पान्हा उतरवणारं द्रव्य दुसरं, ऑक्सिटोसिन. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांना पिट्युटरीच्या मागच्या भागाच्या अर्कानं शेळीचं दूध सुटलेलं दिसलं. १९५३ मध्ये द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं, १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवून तिचा जीव वाचवणारं हे औषध. आमच्याकडं ते बिनलेबलाच्या बाटल्यांतून गोठ्यात शिरलं.

ते सहज शिरलं, कारण तोवर ट्रॅक्टर आला होता. खोंडाची किंमत गेली, मग त्याच्या दुधाचा वाटा कोण राखणार? दूध विकायचं, वासरू उपाशी ठेवायचं, ते मेलं की सुई टोचायची. भुसा भरलेलं कातडंही नको झालं. रोज दोन वेळा मानेत सुई घेणारी गाय मी पाहिली आहे. माणूस जवळ आला की ती अंग चोरायची. २०१८ मध्ये केंद्रानं देशात विकायचं ऑक्सिटोसिन बनवण्याचा हक्क एका सरकारी कंपनीपुरता ठेवला. त्यानं बाळंतिणींना औषध कमी पडेल अशी भीती होती. त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला.

कारखान्याच्या दारात हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. तो गोठ्यातच सुटेल. वासरू दिवसभर गाईखाली न ठेवता सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी पाजलं तर पान्ह्याला सुई लागत नाही, माजही फार लांबत नाही आणि वासरू जगतं. देवणी राखणाऱ्या प्रत्येक घरानं एवढं तरी करावं, खोंड असो वा कालवड.