कर्ण्याचे मोल

भंडारा हे पितळेचे गाव. इथे भांडे घेताना आधी टिचकी मारून नाद ऐकावा, मग भाव विचारावा. आवाजाच्या पेट्यांना मात्र आपण आधी किंमत विचारतो!

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. वीज नव्हती, कर्ण्यासमोर गायचे आणि आवाजाच्या धक्क्यानेच सुईने मेणावर रेघ ओढायची. तंबोऱ्याचा खर्ज त्यात बुडाला तो बुडालाच. मग घरचा कर्णा कितीही उंची असो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

१९२५ साली विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. त्याच साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी चुंबक, तारेचे वेटोळे व कागदी शंकू यांचा ध्वनिक्षेपक मांडला. आजच्या लाखाच्या पेटीतही बहुधा हीच करामत असते.

१६ जुलै १९४८ रोजी नागपूर आकाशवाणी सुरू झाली. साठेक किलोमीटरांवरच्या भंडाऱ्यात बड्या घरचा रेडिओ अधिक भारदस्त वाजे खरा. पण मध्यम लहरींवर अगदी वरचे सूर येतच नाहीत. झांजेची किणकिण त्यालाही दुर्लभच!

१९९४ साली टूल आणि ऑलिव्ह यांनी ४० जणांना पेट्या एकदा दाखवून, एकदा पडद्याआडून ऐकवल्या. दिसताना छोटा, स्वस्त संच फार मागे पडला. पडद्याआड अंतर आक्रसले. घनगंभीर खर्जाला, न फाटणाऱ्या मोठ्या आवाजाला पैसा लागतो, हे कबूल. पण बैठकीच्या खोलीला तो लागतो किती? यंदा दुकानात आधी डोळे मिटावेत, भाव नंतर विचारावा.