समुद्राचा करार आणि कोळ्याचें जाळें

सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोळखांबाहून समुद्र दिसत नाहीं. तरी शहापूर-मुरबाडकडील घरांत पाऊस लागला कीं सुका बोंबील आणि सुकट यांची आठवण होतेच. वाटा चिखलांत बुडाल्या म्हणजे भाकरीबरोबर तोंडीं लावावयास तेंच असतें. ही गरिबाची चव दूरदेशीं झालेल्या करारांशीं कशी बांधली गेली आहे, हें पाहणें उद्‌बोधक होईल.

समुद्र कोणाचा, या जुन्या वादाला सन १९८२ मध्यें जमेका बेटावरील माँटेगो बे येथें नवें उत्तर मिळालें. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर किनारी राष्ट्राचा हक्क मान्य झाला. परंतु हक्काबरोबर दोन ओझीं आलीं. किती मासळी धरावी तें राष्ट्रानें ठरवावें, आणि स्वतःस न पेलणारा शिल्लक वांटा परक्यांस द्यावा. भारतानें हा टापू १९७६ च्या कायद्यानेंच आपला म्हटला होता. करारास मान्यता मात्र १९९५ मध्यें दिली.

खरी अडचण येथून पुढें. करार करावयाचा केंद्रानें. परंतु राज्यघटनेप्रमाणें १२ मैलांच्या आंतील मासेमारी राज्यांच्या अधिकारांत. त्या रेषेची पर्वा ना माशाला, ना जाळ्याला! महाराष्ट्रानें १९८१ मध्यें आपला सागरी मासेमारीचा कायदा केला खरा. पण गुन्ह्याचा निवाडा सोंपविला तहसिलदाराकडे, म्हणजे ज्याच्या दप्तरीं शेतसारा, टंचाई आणि निवडणुका आधींच तुंबलेल्या, त्याच्याकडे. हें काम मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे देऊन दंड वाढविण्यास २०२१ साल उजाडावें लागलें.

‘शिल्लक वांट्या’ची कथा याहून बोलकी आहे. १९९१ च्या धोरणानें भागीदारीच्या नांवाखालीं परकी जहाजें खोल समुद्रांत बोलाविलीं गेलीं. शिल्लक आहे कीं नाहीं, हें किनाऱ्यावरच्या माणसास कोणीं विचारलें नव्हतें. देशभरचे मच्छीमार रस्त्यावर उतरले. १९९५ मध्यें मुरारी समिती नेमली गेली, आणि तिनें परवाने रद्द करण्याचीच शिफारस केली. कराराचा अर्थ दिल्लीनें नव्हे, बंदरांनीं लाविला.

याउलट पावसाळी बंदी पहा. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्यावांचून होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत कोणत्याहि परिषदेहून जुनी. सरकारी बंदी पुढें १ जून ते ३१ जुलै ठरली. पौर्णिमा बहुधा त्यानंतरच येते. म्हणजे रूढि कायद्याहून कडक! म्हणूनच ही बंदी लोकांस परकी वाटली नाहीं. पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें घातलेल्या निर्बंधांस असा आधार नव्हता. तेथें कर्ज काढून जाळें घेतलेला आणि रिकाम्या हातानें परतणारा, असे दोन मच्छीमारच समोरासमोर उभे राहिले.

आतां अनुदानांचा प्रश्न आला आहे. जागतिक व्यापार संघटनेनें २०२२ मध्यें मासेमारीच्या अनुदानांविषयीं करार केला. त्या वाटाघाटींत भारतानें गरीब राष्ट्रांसाठीं २५ वर्षांची सवलत मागितली होती. मागणी न्याय्य होती, असें आम्हांस वाटतें. ज्यांनीं दूरचे समुद्र उपसले, त्यांचें आणि बारक्या होडीचें माप एक कसें? परंतु सवलत म्हणजे विस्मरण नव्हे. महाराष्ट्रानें २०२३ मध्यें ५४ जातींच्या माशांचें किमान आकारमान ठरविलें, आणि त्याच वर्षीं पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. मान देऊन पिल्लें बाजारांत विकूं दिलीं, तर तो मान कागदींच राहील.

करार परिषदेंत जन्मतो, पण जगतो तो कोळ्याच्या संयमावर आणि गिऱ्हाइकाच्या विवेकावर. डोळखांबच्या चुलीपर्यंत बोंबील पोंचत राहावा अशी इच्छा असेल, तर हें ओझें एकट्या किनाऱ्यानें वाहावें, असें आम्हांस म्हणतां येणार नाहीं.