सर्पगंधा आणि उतारवयांतील रक्तदाब

१२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूंतील रक्तस्रावानें मरण पावले. वय त्रेसष्ट, अखेरच्या दिवशीं रक्तदाब ३००/१९०. एवढ्या बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखासही त्या काळीं दाब उतरविणारें खात्रीचें औषध मिळालें नाहीं. किंबहुना वयाबरोबर दाब वाढावयाचाच, कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढें लोटण्यास तो हवाच, अशी पुष्कळ डॉक्टरांची समजूत होती. 'शंभर अधिक वय' हा हिशेब वृद्धांस पुरेसा मानला जाई.

औषध मात्र हिंदुस्थानांतील रानांत उगवत होतें. सर्पगंधेची मुळी उन्माद व निद्रानाश यांवर येथें पूर्वापार दिली जात असे. ती रक्तदाबही उतरविते, असें गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. परंतु नुसत्या अनुभवाच्या ग्वाहीवर जगांतील वैद्यक विश्वासत नाहीं; त्यास आंकडे लागतात. ते दिले मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं. पन्नास रोग्यांवरील त्यांचा निबंध १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें आला, आणि तो वाचूनच बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनीं ही मुळी आपल्या रोग्यांस देऊन पाहिली. १९५२ सालीं स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनींतील संशोधकांनीं तिच्यांतून रिसर्पिन वेगळें काढलें. १९५७ सालीं वकिलांस अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पिन निर्दोष नव्हतें. नाक चोंदे, गुंगी येई, आणि मोठ्या मात्रेनें कित्येकांचें मन खिन्नतेंत बुडे. म्हाताऱ्या माणसास तें द्यावें कीं नाहीं, हा वाद म्हणूनच दीर्घकाळ चालला. दाब एकदम उतरला तर भोंवळ येऊन माणूस पडेल, हें भय कांहीं खोटें नव्हतें.

उत्तर मिळावयास १९९१ साल उजाडलें. अमेरिकेंत साठ वर्षांवरील ४,७३६ जणांवर झालेल्या प्रयोगांत, औषध घेणाऱ्यांमध्यें पक्षाघाताचें प्रमाण सुमारें एक-तृतीयांशानें घटलें. मुख्य औषध लघवी वाढविणारें होतें. पण पुढच्या पायरीस कांहींना अत्यल्प मात्रेंत रिसर्पिनही दिलें गेलें. पुढें २००८ सालीं ऐंशींच्या वरच्या वृद्धांवरील प्रयोगांतही, दुसऱ्या औषधांनीं, पक्षाघात व मृत्यु कमी झालेले दिसले. मात्रा अर्थात् थोडी, आणि हलक्या हातानें वाढवावयाची.

शहरांतल्या घरीं डॉक्टर बोलाविला कीं दाब मोजला जातो. खेड्यांतल्या म्हातारीचें काय? अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं आरोग्यप्रकल्प सुरू केला. प्रथम बालकें व बाळंतिणी यांच्यासाठीं गांवच्याच अल्पशिक्षित स्त्रिया त्यांनीं तयार केल्या. पुढें रक्तदाबाची पाहणीही त्यांच्या कामांत आली. मोजण्यापेक्षां जड काम नंतरचें असतें. म्हातारीचें कांहींच दुखत नाहीं, गोळी मात्र रोज घ्यावयाची. आणि दाब उतरल्याचें ऐकतांच डबी फडताळांत जाते.