‘माझी मुंबई’ : एका लोकनाट्याचा प्रयोगेतिहास

मराठी नाटकाचा प्रयोगेतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा कंपनी, नाट्यगृह, पडदा आणि तिकीट यांचा आधार घेतात. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘माझी मुंबई’ अर्थात ‘मुंबई कुणाची?’ या लोकनाट्याला हे माप लागू पडत नाही. त्याचा विषय शहराचा रस्ता, त्याची रंगभूमीही बहुतांशी तीच. नाट्येतिहासाने त्याची उपेक्षा केली, ती काही अंशी या मापामुळेच.

१९४४ साली अमर शेख, द. ना. गव्हाणकर व अण्णाभाऊ यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वाटेगावच्या अण्णाभाऊंना तमाशा घरचाच होता. चुलतबंधू बापू साठे यांच्या फडात ते वावरले होते. त्यांनी तमाशाचा साचा स्वीकारला, पण जसाच्या तसा नव्हे. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला व श्रमिकांना वंदन आले, गवळण गळाली. हा बदल केवळ वैचारिक मानणे अपुरे ठरेल. कामगारांच्या सभेपुढे खेळ करायचा, तर वगाला लवकर हात घालणे ही प्रयोगाची निकडही होती. नेपथ्य जवळजवळ नव्हतेच. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि खणखणीत आवाज एवढ्यावर सारी भिस्त.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले. कलापथकालाही त्यांची झळ लागली. तेव्हा गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. तमाशा नको, तर लोकनाट्य, असे उत्तर अण्णाभाऊंनी दिले. ‘लोकनाट्य’ या संज्ञेची चर्चा करणारे पुष्कळदा तिचे सौंदर्यशास्त्र मांडतात. या कलापथकापुरते तरी तिच्यामागे पोलिसी परवान्याचे राजकारण होते, हे विसरता येत नाही.

१९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनापासून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने जोर धरला आणि मुंबईच्या मालकीचा प्रश्न चव्हाट्यावर आला. ‘माझी मुंबई’त त्याला भांडवलवाला आणि कामगार यांच्या वादाचे रूप मिळाले. तमाशातील सवाल-जवाबाचीच ही नवी योजना होय. पठ्ठे बापूरावांच्या लावणीतील मुंबई डोळे दिपवणारी होती. अण्णाभाऊंनी तिला राबणाऱ्याच्या बाजूने पाहिले. वादाचा निकाल आधीच ठरलेला असतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु ज्याच्या घामाचा प्रश्न आहे तोच समोर मातीत बसलेला असताना नाट्य निकालात नसते, ते हजरजबाबीपणात असते. छापील संहितेत नेमका तोच भाग क्षीण होतो.

अण्णाभाऊ दीर्घकाळ राहिले ते घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत. घाटकोपर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले १९५० साली. बोरिवली व मुलुंड तर १९५७ साली. मुंबई कुणाची, हा वाद रंगत असताना मुंबई कुठवर, हेही ठरायचेच होते. १ मे १९६० रोजी राज्याचा प्रश्न सुटला. चिरागनगरच्या झोपड्या मात्र होत्या तिथेच राहिल्या.