बरबँकच्या २३ बिया

बटाट्याच्या झाडाला हिरव्या टोमॅटोसारखं फळ धरतं, हे मी घरी सांगितलं तर सगळ्यांना थापच वाटली. पण मंडळी, खरी गंमत त्या फळातच आहे.

आपण बेणं म्हणून डोळ्यांसकट फोडी लावतो. झाड आईची नक्कल. बियांचं तसं नाही. १८७२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ल्यूथर बरबँकला 'अर्ली रोज' वाणावर एक फळ सापडलं. २३ बिया लावल्या, तर प्रत्येकीचा बटाटा निराळा! त्यातल्या उत्तम वाणाचे हक्क १८७५ साली १५० डॉलरला विकून पठ्ठ्या कॅलिफोर्नियाला गेला.

पुढे तो वाण फोडींवरच वाढला, तरी एका झाडाला खरखरीत तपकिरी सालीचे बटाटे लागले. तोच 'रसेट बरबँक', अमेरिकेत फ्रेंच फ्राइजसाठी आजही लावतात तो.

१९८० साली कॅन्ससच्या जेम्स शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी याच रसेटच्या पानांतल्या, भिंत काढलेल्या सुट्या पेशींपासून झाडं वाढवली. बी नाही, परागण नाही, म्हणजे सगळी सारखीच यायला हवीत ना? छे! आकार, तयार होण्याचा काळ, रोगांना तोंड देण्याची ताकद, सगळ्यांत फरक. पेशींच्या बेशिस्त गोळ्यातून झाड उगवताना गुणसूत्रांत गडबड होते. कोंबाचं टोक काचेच्या नळीत वाढवलं, तर वाण बहुतेक जसाच्या तसा राहतो. रोगमुक्त बेण्यासाठी म्हणूनच हीच पद्धत वापरतात.